खर्जाची वाट

नमस्कार. मागे भिंतीला टेकवून ठेवलंय ते आधी नीट बघून घ्या, म्हणजे बोलताना तुमचं लक्ष तिकडे जाणार नाही. हा डबल बेस. उंची साधारण सहा फूट, तारांची लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, तारा चार, आणि सगळ्यांत जाड तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा. माणसाचा कान साधारण २० कंपनांपासून पुढे ऐकतो. म्हणजे ऐकू येणाऱ्या जगाच्या अगदी उंबरठ्यावर हे वाद्य बसलेलं असतं. आज ते टेम्पोतून आलं. एरवी टॅक्सीच्या कॅरियरवर येतं, गादीत गुंडाळून, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा पट्टा धरून बसते. आमच्या इमारतीचे वॉचमन दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक नवा वॉचमन पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, "ताई, आत काय आहे?" मी सांगते, "खर्ज आहे." एकाने त्यावर अगदी काळजीने विचारलं होतं, "कर्ज? एवढं?"

हसा, हसा. या सभागृहात खर्ज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, याचंच मला केवढं बरं वाटतं. पहाटे उठून खर्ज भरणारी माणसं इथे समोर बसलेली दिसताहेत.

पत्रिकेत विषय छापलाय 'एका डबल बेसवादकाची वाट: अभिजात, लोक आणि ज्यू संगीत'. तो वादक म्हणजे सेर्गेई कुसेवित्स्की. रशियात जन्मला, बोस्टनमध्ये वारला, आणि जगाने त्याला ओळखलं ते वाद्यवृंदाचा संचालक म्हणून, हातातल्या काडीमुळे. माझ्या लेखी तो शेवटपर्यंत बेसवादकच होता. हेच मला आज सिद्ध करायचं आहे. पण त्याआधी माझ्या मनात बरीच वर्षं साठलेली एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ राहील.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका भावगीताचं ध्वनिमुद्रण होतं. स्टुडिओचं, कंपनीचं नाव घेत नाही. सात-आठ वादक, सतार, बासरी, तीन व्हायोलिनं, तबला, आणि मी. त्या काळात असं काम मिळणं दुर्मीळ होत चाललं होतं, कारण कीबोर्डवरचा बेस स्वस्तात पडायचा आणि त्याला टॅक्सी लागत नसे. गाणं सुंदर होतं. अंतऱ्यात गायिका पंचमावर थांबायची, आणि तिच्याखाली मी गजाने एकच सूर धरायचा, दोन आवर्तनं, हलायचं नाही. आता तुम्हाला वाटेल, एकच सूर धरायचा त्यात काय मोठं? तर गज उलटताना तो सूर तुटता कामा नये. टोकाकडून मुठीकडे येताना गजाचं वजन वाढत जातं, ते मनगटाने सोडून द्यायचं, आणि उलटायच्या क्षणी बोटं इतकी सैल ठेवायची की केसांना कळायला नको दिशा बदलली ते. मला हे शिकवलं ते गोव्याच्या सरांनी. चर्चच्या शाळेत सॉल्फेजिओ, म्हणजे नोटेशन वाचून सूर म्हणणं, शिकून मुंबईला आलेल्या आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या पिढीतले ते. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांखाली जो मऊ, गोल ठेका ऐकू येतो ना, तो या गोवेकरांच्या हातांचा. बहुतेकांची नावं तबकडीवर आली नाहीत. सर म्हणायचे, "गज उलटलेला ऐकू आला तर घरी जा."

तर मी तो सूर धरला. तिसऱ्या टेकला गायिका काचेपलीकडून माझ्याकडे बघून हसली. महिन्याभराने कॅसेट हातात आली. लावली. बेस नव्हता. कमी केलेला नव्हता, नव्हताच. मिक्सिंगला बसलेल्या कुणाला तरी वाटलं की खाली गढूळ होतंय, म्हणून त्याने माझा ट्रॅक काढून टाकला. मला पैसे मिळाले होते, तक्रार कुणाकडे करणार? त्या रात्री गायिकेचाच फोन आला. म्हणाली, "अगं, अंतऱ्यात माझा पाय जमिनीला लागत नाहीये. काय केलंय यांनी?" मी म्हटलं, "जमीन काढून घेतली."

गोष्ट इथे संपत नाही. सहा-सात वर्षांनी तेच गाणं रंगमंचावर करायचं ठरलं. संगीतकार तोवर गेलेले. नोटेशनची वही सापडेना. कॅसेटवरून व्हायोलिनच्या ओळी उतरवता आल्या, पण सुरावटी कोणत्या आधारावर बसवल्या होत्या, कुठे स्वरसंगती बदलायची, मधल्या जागी दीड मात्रा का थांबायचं, हे कुणालाच आठवेना. मला आठवत होतं. सगळं. कारण बेस वाजवणाऱ्याला गाण्याची इमारत पायाकडून पाठ असते. दोन तासांत आम्ही ते गाणं पुन्हा उभं केलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: ज्याने खालून धरलेलं असतं त्याच्याकडे गाणं राहतं. आपल्याकडे शाहिराच्या मागे झील धरणारा उभा असतो. पोवाडा शाहिराच्या नावावर जातो, पण झीलकऱ्याला तो शब्दन्‌शब्द येत असतो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते सगळे झीलकरी.

आता कुसेवित्स्की. मॉस्कोच्या वायव्येला अडीचशे-तीनशे किलोमीटरवर विश्नी वोलोचोक नावाचं गाव आहे, तिथे १८७४ मध्ये त्याचा जन्म. घर ज्यू, गरीब, आणि वाजवण्यावर पोट भरणारं. आईवडील दोघंही वादक. मुलगा व्हायोलिन, चेलो, पियानो घरातच शिकला, ट्रम्पेटही फुंकायला लागला. पूर्व युरोपातल्या ज्यू वाजंत्र्यांना तेव्हा क्लेझमर म्हणत, आणि हा शब्द मला फार आवडतो. मूळ हिब्रू 'क्ले झेमेर', म्हणजे गाण्याची साधनं, वाद्यं. वाद्याचं नाव वाजवणाऱ्याला चिकटलं. आता आपला शब्द बघा. वाजंत्र म्हणजे वाद्य, आणि वाजवणारा तो वाजंत्री. इतक्या लांबच्या दोन भाषांनी माणसाकडे बघताना आधी वाद्य बघितलं, माणूस नंतर! आणि दोघांचं नशीबही एकच. लग्न त्यांच्यावाचून लागत नाही, आणि पंगतीत ते शेवटी बसतात.

क्लेझमरांच्या ताफ्यात पुढे फिडल, म्हणजे व्हायोलिन, मग दुसरं व्हायोलिन नुसत्या ठेक्याला, मग त्सिंबल, म्हणजे आपल्या संतूरसारखं काठ्यांनी वाजवायचं वाद्य, पुढच्या काळात क्लॅरिनेट, आणि मागे बेस. फिडलवाला सुरात एक हुंदका टाकतो, त्याला यिद्दिशमध्ये 'क्रेख्त्स' म्हणतात. कण्हणं. सूर पोहोचता पोहोचता घशात अडकल्यासारखा करायचा. पुढचा कण्हतो तेव्हा मागच्या बेसने अजिबात हलायचं नाही. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवतो ना आपण, तसा तो सूर.

ज्यू संगीत म्हटलं की आपल्याकडे लगेच 'ते परदेशातलं काहीतरी' असा चेहरा होतो, म्हणून जरा वाट सोडून बोलते. आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, शनवार तेली. हेच बेने इस्रायली. घरात मराठी बोलणारे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत यांनी मराठी कीर्तनं केली. साकी, दिंडी, ओवी, मागे झांजा, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं. मलिदा नावाच्या विधीत ताटापुढे ते एलियाहू संदेष्ट्याचं हिब्रू पद म्हणतात. म्हणजे ज्यू संगीत मराठीतही झालेलं आहे, आपल्याच साक्यांच्या चालीवर. त्या कीर्तनांत बुवांच्या मागे कोण उभे असत, त्यांचीही नावं मला हवी आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या वह्या असतील तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा, मी खरंच सांगतेय.

पुन्हा वाटेवर येते. चौदा वर्षांचा मुलगा मॉस्कोला शिकायला निघाला. अडचणी दोन. ज्यूंना मॉस्कोत राहायला मनाई होती, म्हणून त्याचा बाप्तिस्मा झाला. आणि पैसे नव्हते. फिलहार्मोनिक सोसायटीच्या संगीतशाळेत शिष्यवृत्ती मिळत होती ती डबल बेसला, कारण व्हायोलिनला रांगा आणि बेसला कुणी नाही. म्हणून तो बेसकडे गेला. गंमत अशी की त्याच्या आधी पन्नासेक वर्षं इटलीत हेच घडलं होतं. जोव्हानी बोत्तेसिनी १८३५ मध्ये मिलानच्या संगीतशाळेत गेला तेव्हा जागा उरल्या होत्या दोन, बॅसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य आणि डबल बेस. त्याने बेस घेतला आणि पुढे 'बेसचा पागानिनी' म्हणून, त्या विख्यात व्हायोलिनवादकाच्या तोडीचा म्हणून, नाव काढलं. १८७१ मध्ये कैरोत व्हेर्दीच्या 'आईदा' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्याचं संचालन याच बोत्तेसिनीने केलं. दोघंही बेसवादक, दोघंही पुढे संचालक. माझं म्हणणं असं, की वाद्यवृंदात सगळ्यांच्या मागे उभं राहून बेसवाल्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात. कोण श्वास कधी घेतो, कोण घाईत आहे, कोण घाबरलाय, सगळं कळतं. संचालनाची तालीम तिथेच होते.

कुसेवित्स्कीचे गुरू चेक होते, राम्बोउसेक. विसाव्या वर्षी, १८९४ मध्ये, तो बोल्शॉय थिएटरच्या वाद्यवृंदात लागला आणि १९०१ मध्ये बेसवाल्यांचा प्रमुख झाला. त्याच सुमारास एकट्याने बेस घेऊन मंचावर बसायला लागला. मॉस्को, मग १९०३ मध्ये बर्लिन. आणि वाजवायला पुरेसं साहित्य नाही म्हणून स्वतःच कन्चेर्तो लिहिला, म्हणजे बेस पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना. १९०५ मध्ये मॉस्कोत तो पहिल्यांदा वाजला. आज जगातल्या प्रत्येक बेसच्या विद्यार्थ्याला तो यावाच लागतो. त्यासाठी आम्ही नेहमीच्या तारा काढून वेगळ्या चढवतो, एक पूर्ण स्वर वर लावलेल्या. बारीक असतात, आवाज मोकळा आणि थोडा नाकातला येतो. माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा.

त्याने स्वतः वाजवलेला बेस आज ऐकायला मिळतो. १९२८-२९ मध्ये बोस्टनला, चोपन्न-पंचावन्नाव्या वर्षी, त्याने काही तबकड्या केल्या, पियानोच्या साथीने. त्यांत या कन्चेर्तोचा मधला संथ भाग आहे. मी तो शंभरदा तरी ऐकला असेल. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो बोट उचलत नाही, तारेवरून ओढत नेतो. आपल्या भाषेत मींड म्हणा. आणि पोहोचायच्या जरा आधी रेंगाळतो. संगीतशाळेत हे कुणी शिकवत नाही. बाप्तिस्म्याने त्याचं कागदावरचं नाव-गाव बदललं असेल, डाव्या हाताचं बोट काही बदललं नाही, असं मला ते ऐकताना दरवेळी वाटतं.

त्याच्या बेसविषयी सांगायलाच हवं. तो १६११ सालचा, क्रेमोनाच्या आमाती बंधूंनी बनवलेला, असं सगळे मानत आले. १९५१ मध्ये कुसेवित्स्की वारला. बेस त्याच्या पत्नीकडे, ओल्गाकडे, राहिला. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये गॅरी कार नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने बेसचा एकल कार्यक्रम केला. घरात पिढ्यान्‌पिढ्या बेस वाजवणारे, रशियातून आलेले ज्यू. प्रेक्षकांत ओल्गा होत्या. कार पुढे सांगत, की त्या दिवशी वाजवत असताना आपल्या नवऱ्याने येऊन या मुलाला मिठी मारलेली ओल्गाबाईंना दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावलं आणि तो बेस देऊन टाकला. विकला नाही, दिला. मग पुढे कधीतरी लाकडातल्या वलयांची तपासणी झाली आणि कळलं, की ते लाकूड १६११ च्या कितीतरी नंतरचं. आमातीचा तो नव्हेच. पण मला सांगा, त्या मिठीचं मोल त्याने कमी झालं का?

लाकडावरून आठवलं. आपल्या हवेत हे वाद्य सांभाळणं म्हणजे बाळंतपण. जोड सगळे सरसाने चिकटवलेले असतात. मृगाच्या पहिल्या पावसानंतर हवा ओली झाली की सरस सैल पडतो आणि तळाशी कुठेतरी बोटभर फट पडते. वाजवलं की भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज. मी रात्री टॉर्च घेऊन फट शोधत बसते, बोटाच्या पेराने टिचकी मारत मारत, घट जोखताना मारतो तशी. आणि आत एक खांब असतो, करंगळीहून जरा जाड, घोडीच्या एका पायाखाली. चिकटवलेला नसतो, नुसता दाबाने उभा. तो पडला की वाद्य मुकं. इटलीतले कारागीर त्याला 'आनिमा' म्हणतात. आत्मा.

आता लोकसंगीत. हा माझ्या सगळ्यांत जिवाचा भाग आहे.

रोमानियाच्या उत्तरेला मारामुरेश म्हणून डोंगराळ मुलूख आहे, हंगेरियन लोक त्याला मारामारोश म्हणतात. पहिल्या महायुद्धाआधी तो हंगेरीच्या राज्यात होता. रोमानियन, हंगेरियन, युक्रेनियन, ज्यू आणि रोमा, म्हणजे जिप्सी, सगळे शेजारी. १९१३ मध्ये हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिथली गाणी गोळा करायला गेला होता. त्याला लागून असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियात गावच्या ताफ्यातला बेस आमच्यासारखा नसतो. तारा तीनच, आतड्याच्या, आपण जिला तात म्हणतो ती. गज आखूड आणि जाडजूड. त्यावर राळ इतकी की बेसच्या पोटावर पिठी पडलेली दिसते. आणि वाजवतात ते असं, इथे मी गज नुसता हवेत धरून दाखवते: एकाच ओढीत दोन ठोके. पहिला ठेवायचा, आणि गज न उचलता दुसरा आतून ढकलायचा. याला 'दूव्यो' म्हणतात. कागदावर लिहिलं तर दोन सारखे स्वर. प्रत्यक्षात दुसऱ्या स्वरात नाचणाऱ्याचा गुडघा असतो. हे माझ्या हाताला यायला पूर्ण एक वर्ष लागलं, आणि ते आलं ते मोठ्या ग्रंथांतून नव्हे, घरात एकटीने पाय आपटत आपटत.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच ट्रान्सिल्व्हेनियात गिमेश नावाचं खोरं आहे. तिथे व्हायोलिनच्या साथीला चेलोच्या आकाराचं एक वाद्य असतं, ते वाजवत नाहीत, बडवतात, काठीने. आणि ते बहुतेकदा व्हायोलिनवाल्याची बायको वाजवते. नवरा-बायको लग्नाला जातात, रात्रभर तो सूर ओढतो आणि ती त्याच्या लयीला धरून ठेवते. इथल्या माझ्या मैत्रिणींना यातलं वेगळं काही सांगायला नको.

तर या मुलखाच्या पलीकडे, हंगेरीच्या ईशान्येला, नाज्यकाल्लो नावाचं गाव. तिथे १८०० च्या आसपास एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते, इत्झाक आयझॅक ताऊब. हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे. १७५१ चा जन्म, १८२१ ला गेले. गोष्ट अशी सांगतात, की रब्बी एकदा रानातून फिरत असताना एक गुराखी पोरगा गाताना त्यांना ऐकू आला. गाणं साधं, हंगेरियन. कोंबडा आरवतोय, आता उजाडेल, हिरव्या रानात, मोकळ्या माळावर एक पाखरू फिरतंय. पण ते कसलं पाखरू, त्याचे पाय पिवळे, आणि ते वाट बघतंय. रब्बी थांबले. त्यांना वाटलं, हे गाणं मला येतं, पण आठवत नाही. त्यांनी मुलाला पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. मग म्हणाले, "हे मला विकतोस?" पोराने हातावरची नाणी बघितली आणि म्हणाला, "घ्या." नाणी हातात पडली त्या क्षणी रब्बींना गाणं संपूर्ण पाठ झालं, आणि मुलगा ते विसरला. पुन्हा कधीच त्याला ते आठवलं नाही.

हसिदी मानतात, की पवित्र ठिणग्या जगात भलभलत्या ठिकाणी अडकून पडल्यात, सुरांतसुद्धा, आणि माणसाने त्या सोडवून आणायच्या. रब्बींनी गाणं सोडवून आणलं. शेवटी हिब्रू ओळ जोडली: जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं राहील, सियोन नगरी भरून जाईल. पाखरू वाट बघतंय ती या दिवसाची. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुलीच्या तोंडची विरहाची ओळ देवाकडे वळवायची, हे आपल्या विराण्यांनी सातशे वर्षांपूर्वी केलेलं आहे. ते गाणं हंगेरीतल्या ज्यूंच्या घरोघर गेलं, हंगेरियन शब्दांसकट.

पण या कथेतला एक भाग मला पटत नाही, कधीच पटला नाही. गुराखी विसरला, हा भाग. गाणं असं विकल्याने जात नाही. आणि याला पुरावा आहे. मारामारोशमधले ज्यू १९४४ च्या उन्हाळ्यात आऊशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेले गेले. काही आठवड्यांत गावंच्या गावं रिकामी. लग्नं संपली, लग्नांत नाचणारे संपले, ज्यू वाजंत्री संपले. बुडापेस्टला १९७३ मध्ये सुरू झालेला 'मुझिकाश' नावाचा लोकसंगीताचा ताफा आहे. त्यांनी पुढे या मुलखातलं हरवलेलं ज्यू संगीत शोधायचं ठरवलं, तेव्हा ते कुणाकडे सापडलं? म्हाताऱ्या रोमा वाजंत्र्यांकडे. युद्धाआधी ज्यूंच्या लग्नांत ते साथीला जायचे. ज्यांची गाणी होती ते उरले नव्हते, मागे बसून साथ करणाऱ्यांना चाली येत होत्या. मुझिकाशने त्यांच्यासोबत बसून १९९३ मध्ये त्याची तबकडी काढली. कोंबड्याचं गाणंही तिच्यात आहे. त्यात बेस वाजवणारे दानिएल हामार शिक्षणाने भूभौतिकशास्त्रज्ञ. जमिनीखालचं शोधणारा माणूस. ती तबकडी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा रडले, आणि मग उठून बेस काढला आणि तिच्याबरोबर वाजवत बसले, पहाटेपर्यंत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताहेत. आणि कुसेवित्स्कीला मी मॉस्कोतच सोडून आलेय! बरं, पळते आता.

१९०५ मध्ये त्याचं लग्न चहाच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीशी, नताल्याशी झालं आणि पैशाची चिंता मिटली. १९०८ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचं संचालन. १९०९ मध्ये रशियन संगीतकारांसाठी प्रकाशन संस्था. १९१० मध्ये आगबोट भाड्याने घेऊन अख्खा वाद्यवृंद व्होल्गा नदीवरून गावोगाव नेला, पियानोवर संगीतकार स्क्रियाबिन. त्यानंतर आणखी दोनदा. वाजंत्र्याचं पोर, गावोगाव हिंडणं रक्तात होतं, एवढंच मी म्हणते. १९२० मध्ये रशिया सोडली. १९२४ ते १९४९ बोस्टन सिम्फनी. आता माझा मुद्दा बघा: तिथे त्याने पंचवीस वर्षं काय केलं? दुसऱ्यांना खालून धरलं. रावेलकडून मुसोर्गस्कीच्या 'प्रदर्शनातली चित्रं' या पियानोच्या रचनेचं वाद्यवृंदासाठी रूप करून घेतलं ते तर त्याही आधी, १९२२ मध्ये, पॅरिसमध्ये. नताल्या गेल्यावर १९४२ मध्ये तिच्या नावाने निधी काढला. १९४३ मध्ये बार्तोक, तोच मारामारोशला गेलेला बार्तोक, न्यूयॉर्कच्या इस्पितळात आजारी, पैसे नाहीत, लिहिणं थांबलेलं. कुसेवित्स्की त्याच्या खाटेपाशी जाऊन बसला, हजार डॉलरचं काम दिलं, अर्धे पैसे आगाऊ. त्यातून वाद्यवृंदासाठीचा कन्चेर्तो आला आणि १ डिसेंबर १९४४ ला बोस्टनमध्ये वाजला. लोकसंगीत कुठून कुठे गेलं बघा.

ज्यू संगीताकडे तो परत आला का? आला, पण वळसा घेऊन. १९४० मध्ये त्याने अमेरिकेत टँगलवूडला संगीताची उन्हाळी शाळा काढली, तिथे लेनर्ड बर्नस्टाइन, पुढे मोठा संचालक आणि संगीतकार झालेला ज्यू मुलगा, त्याचा शिष्य. गुरूने सुचवलं, आडनाव बदल, या नावाने पुढे जाता येणार नाही. चौदाव्या वर्षी स्वतः मोजलेली किंमत तो पुढच्या पिढीला सांगत होता. शिष्याने नकार दिला, त्याच नावाने मोठा झाला, आणि आपल्या पहिल्या सिम्फनीत हिब्रू विलापगीतं घातली. १९५१ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिक पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. संचालक दोन: बर्नस्टाइन, आणि त्याच्यासोबत शेहात्तर वर्षांचा कुसेवित्स्की. त्याच जूनमध्ये तो गेला.

आता पाच मिनिटं. या वाटेवर आपलाही एक माणूस आहे. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा, वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९५४ मध्ये व्हिएन्नाला संचालन शिकायला गेला आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात वाजवलं काय? डबल बेस. १९५८ मध्ये टँगलवूडला, कुसेवित्स्कीच्या त्या शाळेत, दुसरं बक्षीस घेतलं. १९६१ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिकपुढे पहिल्यांदा उभा राहिला, पुढे त्यांचा संगीत दिग्दर्शक झाला आणि २०१९ पर्यंत राहिला. झुबिन मेहता. दोन बेसवादक, एक विश्नी वोलोचोकचा, एक मुंबईचा, एकाच वाद्यवृंदापुढे. याला मी योगायोग मानत नाही, तुम्ही माना हवं तर. आणि झाकीरभाईंनी आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ज्यांच्याबरोबर वाजवलं, त्यांत अमेरिकन डबल बेसवादक एडगर मायर होते, मोझार्टही वाजवणारे आणि ब्लूग्रास नावाचं डोंगरातलं लोकसंगीतही. बासरीला आपले राकेश चौरसिया. २०२४ चे दोन ग्रॅमी त्या ताफ्याला मिळाले. त्यातला बेस ऐका. तबल्याच्या बायाँखाली बेस कसा शिरतो आणि कुठे बाजूला होतो, त्यावर मला एक वेगळं व्याख्यान द्या, मी येईन.

म्हणून मला म्हणायचंय ते हे, की अभिजात, लोक, ज्यू हे कप्पे वर बसून बघणाऱ्याला दिसतात. खाली बसलेल्याला बोल्शॉयच्या खड्ड्यातही तोच षड्ज धरायचा असतो आणि मारामारोशच्या मांडवातही. हात तोच, राळ तीच. कुसेवित्स्कीची वाट एकातून निघून दुसऱ्यात गेली नाही. तो एकाच जागी होता. आणखी उदाहरणं होती, ती राहिली. प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेऊ.

आता वाजवते. कोंबड्याचं गाणं, आधी नुसतं खालचं, गुराख्याचं. कुणीतरी तो मधला दिवा राहू द्या, पण पंखे बंद करा. हो, सगळे. उकडेल थोडं. पंख्याच्या घरघरीत हा सूर बुडतो.